स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवायचा आहे (बजेट ३०००, बसवणुकीसह) – सल्ला हवा

हिंगाची_डबी
नमस्कार मंडळी. पुण्यात, १९९८ सालची बिल्डिंग, तिसरा मजला. स्वयंपाकघर ९ बाय ७ फूट, उंची साडेनऊ फूट. ओट्यासमोर सरकती खिडकी आणि तिच्या वर २ फूट बाय १ फुटाचं बंद काचेचं व्हेंटिलेटर. मिरचीच्या फोडणीचा खकाणा सरळ हॉलमध्ये जातो. चिमणी नको आहे, ओट्यावर कपाटं आहेत आणि तेवढे पैसेही घालायचे नाहीत. सगळं मिळून ३००० रुपये. किती इंची घ्यावा, प्लास्टिक की लोखंडी, आणि भिंत फोडावी की व्हेंटिलेटरमध्येच बसवावा? माळ्यावर एक जुना ९ इंची लोखंडी पंखा पडून आहे, तो भंगारात द्यायचाच आहे.

पिंपळपार
एक्झॉस्टच्या नादी लागू नका. सरळ चिमणी घ्या, ६० सेंटिमीटरची, १२०० सक्शनची, फिल्टरलेस. बारा-तेरा हजारांत येते. एकदाच काय तो खर्च. आमच्याकडे आहे, टाइल्सवर तेलाचा थेंब दिसणार नाही.

खटपट्या
पिंपळपार, बजेट ३००० आहे आणि चिमणी नको हेही ताईंनी लिहिलंय. असो.

आकाराचं गणित असं. ९ × ७ × ९.५ म्हणजे सुमारे ६०० घनफूट, म्हणजेच १७ घनमीटर. फोडणी-तळणवाल्या स्वयंपाकघरातली हवा तासाला वीसेक वेळा बदलावी असं धरलं तर ताशी ३४० घनमीटर झाले. पण खोक्यावर छापलेला आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. झडपा आल्या, जाळी आली, त्यावर तेलाचा थर बसला की तीस-चाळीस टक्के सहज उडतात. म्हणून खोक्यावर ५०० च्या आसपास आकडा असलेला पंखा बघा. ६ इंचीवर साधारण अडीचशे-तीनशे लिहिलेलं असतं, तो कमी पडेल. ८ इंची बरोबर. खोक्यावर सीएफएम (मिनिटाला घनफूट) दिलं असेल तर त्याला १.७ ने गुणा.

कंपनीचं म्हणाल तर हॅवेल्स, क्रॉम्प्टन, उषा, ओरिएंट, काहीही घ्या. खोक्यावरचा हवेचा आकडा आणि ISI चिन्ह बघा. या पंख्यांचं मानक आहे आयएस २३१२.

भिंगरी_२१
६ इंची पुरतो हो. आमचं स्वयंपाकघर याहून मोठं आहे आणि ६ इंचीच आहे. आवाज कमी, हजार-बाराशेत येतो.

खटपट्या
पुरत असेल तर खिडकी उघडी असणार आणि ती वाऱ्याच्या दिशेला असणार. मग काम पंखा नाही, वारा करतोय. ताईंच्या घरात तळणीचा धूर आहे, बाथरूमची वाफ नाही.

बंदरावरचा
लोखंडी अजिबात नको. आमच्याकडे रत्नागिरीत दोन पावसाळ्यांत जाळीचे वेल्डिंगचे सांधे गंजून गळतात, मग शाफ्टवर गंज चढतो आणि पाती जाम. प्लास्टिक बॉडी घ्या. आणि स्क्रू एसएस ३०४ चे (स्टेनलेस स्टीलचे) वापरा, खोक्यात येतात ते फेकून द्या. ते पिवळे झिंक चढवलेले स्क्रू वर्षभर पण टिकत नाहीत.

कसबा_पेठी
पुण्याला समुद्र कधी आला?

बंदरावरचा
समुद्र नाही, पण फोडणीत मीठ-पाणी असतंच की. आणि वरून नैऋत्येचा पाऊस. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं का कुणी?

हिंगाची_डबी
खिडकी पश्चिमेला आहे. पावसात व्हेंटिलेटरवर झड येते, वर छज्जा आहे पण जेमतेम फूटभर.

वायरमन_नाशिक
सगळे पंख्याचा आकार काढून बसलेत, एक प्रश्न कोणीच विचारला नाही. घरात गॅस गीझर आहे का, आणि असेल तर कुठे?

हिंगाची_डबी
आहे. ड्राय बाल्कनीत. बाल्कनीचं दार स्वयंपाकघरातच उघडतं. बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या आहेत, कबुतरांमुळे.

वायरमन_नाशिक
मग हे आधी वाचा, पंखा नंतर घ्या.

एक्झॉस्ट ताशी चारशे-पाचशे घनमीटर हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठूनतरी आत येते. हॉलच्या खिडक्या बंद, मुख्य दार बंद असेल तर ती सगळ्यात सोप्या वाटेने येणार. तुमच्या घरात ती वाट म्हणजे ड्राय बाल्कनीचं दार. बाल्कनीच्या काचा बंद, आत गीझर चालू, आणि पंखा त्याच बाल्कनीतली हवा स्वयंपाकघरात ओढतोय. म्हणजे गीझरची जळलेली हवा घरात. काचेने बंद केलेल्या जागेत गीझरला प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणसाला वाटतं ॲसिडिटी आहे.

गीझरला धुराड्याचा पाइप असला तरी हे टळत नाही. पंख्याने घरात हवेचा दाब कमी झाला की पाइपातून बाहेर जाणारा धूर उलटा आत येतो. पंख्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही.

तुम्ही एवढं करा. बाल्कनीची एक काच कायमची काढून तिथे जाळी बसवा. जाळीने कबुतरं थांबतात, काच लागत नाही. गीझर चालू असताना पंखा बंद ठेवा. पंखा चालू असताना बाल्कनीचं दार बंद ठेवा आणि हॉलची खिडकी चार-सहा इंच उघडी. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर तिथे एक्झॉस्ट लावून तो सुरक्षित होत नाही. गीझर बाहेर काढणं एवढाच उपाय.

पुदिना
बाप रे. आमच्याकडे अगदी अशीच रचना आहे. धन्यवाद.

मी_पयला
+१ वायरमन

पिंपळपार
म्हणूनच म्हटलं चिमणी घ्या.

वायरमन_नाशिक
चिमणी तर याच्या दुप्पट हवा ओढते. तिला हे दुप्पट लागू.

क्रॉयडनकर
इथे इंग्लंडमध्ये बिल्डिंग रेग्युलेशनमध्ये आकडेच दिलेले आहेत. शेगडीच्या वर हूड असेल तर सेकंदाला ३० लिटर, इतरत्र पंखा असेल तर ६० लिटर. बाथरूमला १५. भारतात असं काही कोणी बघतच नाही, बिल्डर भोक ठेवतो आणि मोकळा होतो.

खटपट्या
६० लिटर सेकंदाला म्हणजे ताशी २१६ घनमीटर. तुमच्याकडे सँडविच भाजतात, इथे रोज मोहरी तडतडते. म्हणून मी ३४० धरलं.

क्रॉयडनकर
आम्हीपण फोडणीच करतो हो. त्याने स्मोक अलार्म वाजतो तो भाग वेगळा.

सीताबर्डी_एक्सप्रेस
अवांतर: आमच्याकडे नागपुरात एक्झॉस्ट कूलरसाठी लागतो. कूलर ओलसर हवा आत ढकलतो, ती बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली चिकचिकीत होते. १२ इंची, ९०० आरपीएमचा लावा, १४०० चा लावलात तर शेजारी भांडायला येतात.

कसबा_पेठी
ताईंनी कूलर कुठे विचारलाय?

सीताबर्डी_एक्सप्रेस
म्हणूनच अवांतर लिहिलं ना भाऊ.

सोसायटी_सचिव
बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. दर्शनी बाजू असेल तर नकार येऊ शकतो. खालच्या-वरच्या फ्लॅटच्या खिडकीसमोर तेलकट हवा सोडलीत तर तक्रार आलीच म्हणून समजा. आणि बीम, कॉलम, पडदी यांना हात लावायचा नाही.

गवंडीगिरी
१९९८ ची बिल्डिंग म्हणजे बाहेरची भिंत विटांची, सहा किंवा नऊ इंची. भोक पाडता येतं, पण छिन्नी-हातोड्याने पाडलंत तर आतल्या बाजूला टाइल तडकते आणि बाहेर प्लास्टरचा पोपडा भोकाच्या दुप्पट निघतो. त्याची डागडुजी तिसऱ्या मजल्यावर बाहेरून कोण करणार? बाहेरून टांगायच्या झुल्याचा खर्च पंख्याहून जास्त. कोअर कटिंगने गोल, स्वच्छ भोक पडतं, पण ८ इंची पंख्याला साधारण साडेनऊ-दहा इंचाचं भोक लागतं आणि एवढा मोठा बिट सगळ्यांकडे नसतो. भोक आतून बाहेरच्या दिशेला किंचित उतरतं ठेवायचं, नऊ इंचाला पाच मिलिमीटर पुरे, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

नवीन टॉवरवाल्यांसाठी: मायवान पद्धतीची बिल्डिंग असेल तर आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि सळई घातलेल्या असतात. तिथे कोअर कटिंग म्हणजे सळया कापणं. विषय बंद. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत असेल तर हातकरवतीनेही कापता येते, पण ड्रिल हॅमरवर लावू नका आणि साधी रावळ प्लगची गुल्ली वापरू नका. ब्लॉक भुसभुशीत असतो, पंख्याच्या थरथरीने गुल्ली महिनाभरात खुळखुळते. लांब नायलॉनचे फ्रेम प्लग घ्या.

तुमच्याकडे व्हेंटिलेटर आहे ना, मग भिंतीला हात कशाला लावता?

काचवाला_तात्या
व्हेंटिलेटरच ठीक. पण काचेत भोक पाडून त्यात पंखा बसवू नका. कोपऱ्यात छोटा शिक्का छापलेला दिसला तर ती टफन काच. तिला एकदा टफन केल्यावर भोक पडत नाही, कटर लावला की सगळा चुरा. साधी ४ मिमी काच असेल तर काढून दुकानात भोक पाडून मिळतं, पण पंखा थरथरतो, भोकाच्या कडेपासून तडा जातो. काच काढा, तिच्या मापाचा ४ मिमीचा एसीपी (ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिक असा) शीट लावा, त्यात भोक पाडा. जिगसॉने दहा मिनिटांचं काम. तीनशे-चारशे रुपये. अ‍ॅक्रिलिक नको, गॅसच्या उष्णतेने वाकतो आणि तेलाच्या वाफेने त्यावर बारीक भेगा येतात.

कडेला सिलिकॉन भरा, पांढरं सिमेंट नको. सिमेंट थरथरीने सुटतं. सिलिकॉन भरण्याआधी फ्रेमवरचं तेल साबणाने आणि मग थिनरच्या फडक्याने पुसा, तेलावर सिलिकॉन चिकटत नाही. चोवीस तास पंखा लावू नका.

भिंगरी_२१
एसीपीवरच सांगतेय मी, ६ इंची असेल तर छान बसतो.

खटपट्या
व्हेंटिलेटरमध्ये बसवणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. खालची खिडकी बंद ठेवायची. लोकांना वाटतं की खिडकीही उघडी आणि पंखाही चालू म्हणजे दुप्पट हवा. होतं उलटं. पंखा त्याच्याच खालच्या खिडकीतून ताजी हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो, शेगडीवरचा धूर जागच्या जागी. हवा समोरच्या बाजूने, म्हणजे हॉलकडून आली तर ती ओट्यावरून धूर घेऊन जाते.

चाचणी सोपी. हॉलच्या दारात टिश्यू पेपर धरा. तो स्वयंपाकघराच्या दिशेने झुकला पाहिजे. मग बाल्कनीच्या दाराच्या फटीपाशी धरा. तिथून आत उडत असेल तर वायरमन म्हणतात तो धोका तुमच्या घरात आहे, दाराच्या फटीला ब्रश पट्टी लावा.

कसबा_पेठी
पात्याची उंची किती असावी?

खटपट्या
जमिनीपासून निदान २.३ मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्या वर. यांचं व्हेंटिलेटर त्याच्या वरच असणार. शेगडीच्या अगदी डोक्यावर नको, आडव्या अंतरात दोन-तीन फूट बाजूला असला तर मोटरला थेट आच लागत नाही.

पुदिना
प्रश्न: गॅस लीक झाला तर एक्झॉस्ट लावावा का?

वायरमन_नाशिक
अजिबात नाही. कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. बटणात ठिणगी पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, वरचा पंखा त्याला नीट ओढतही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, घराबाहेर जाऊन १९०६ ला (गॅसगळतीची हेल्पलाइन) फोन. पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर साचतो, म्हणून त्या कंपन्या कायम उघडं राहणारं भोक मागतात. एक्झॉस्ट बसवताना ते भोक बुजवून टाकणारे महाभाग आहेत. पंखा बंद असताना झडपा मिटतात, ते उघडं भोक धरलं जात नाही.

सीताबर्डी_एक्सप्रेस
वायरिंगचं लिहा ना साहेब. सगळे भोकातच अडकलेत.

वायरमन_नाशिक
लिहितो. पंखा ३५-४५ वॅटचा, म्हणजे ०.२ अँपिअरसुद्धा नाही. रोज दोन तास चालला तर महिन्याला अडीच युनिट. त्यामुळे जाड वायरीची गरज नाही, १ चौ. मिमी तांब्याची, तीन कोरची पुरते. वायरीवर आयएस ६९४ छापलेलं बघा. ओट्याजवळच्या बोर्डावरून ६ अँपिअरच्या स्विचमधून लाइन घ्या, केसिंग पट्टीतून वर न्या, पंख्याच्या बाजूला ६ अँपिअरचं तीन पिनी सॉकेट बसवा आणि पंख्याच्या वायरीला टॉप (प्लग) लावा. सफाईला पंखा उतरवताना टॉप काढला की झालं. सॉकेट पंख्याच्या खाली बसवू नका, झडपेतून ठिबकलेलं पाणी थेट त्यात. बाजूला, आणि वायर आधी खाली झोळ देऊन मग सॉकेटमध्ये वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळतं.

फेज स्विचमध्येच. न्यूट्रल त्याच बोर्डाचा. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल जवळ पडतो म्हणून उचलला तर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लगेच पडतो आणि लोक म्हणतात पंखा खराब. जुन्या घरात लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग असं असायला हवं, पण रंगावर विश्वास ठेवू नका, तपासा.

काम करताना एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडली तरी इन्व्हर्टरची लाइन चालू राहते, आणि स्वयंपाकघराचा दिवा-पंखा हमखास त्यावर असतो. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं नसतं, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प वापरा.

पंख्याला रेग्युलेटर लावू नका. दिव्याचा डिमर तर नकोच, मोटर गुणगुणते आणि तापते.

कसबा_पेठी
प्लास्टिक पंख्याला अर्थिंग लागत नाही. उगाच खर्च.

वायरमन_नाशिक
दोन पिनी, डबल इन्सुलेशनवाला असेल तर पंख्याला लागत नाही, बरोबर. चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं त्यावर. पण अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत नेऊन ठेवाच. पाच वर्षांनी कोणीतरी तिथे लोखंडी पंखा लावतो. आणि लोखंडी पंखा, तेलकट भिंत, पावसाची झड, खाली ओल्या हाताने भांडी घासणारं माणूस, अर्थिंगशिवाय हे जमवू नका.

कसबा_पेठी
आरसीसीबी असेल तर अर्थिंग नसली तरी चालतं.

वायरमन_नाशिक
अर्थिंग असेल तर बॉडीत वीज उतरताक्षणी आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर पडतो. तो हात कुणाचा, तेवढं ठरवा.

मी_पयला
+१००

बंदरावरचा
बाहेरून कबुतराची जाळी लावा, पण मच्छरजाळी लावू नका. तिच्या बारीक भोकांत तेल आणि धूळ बसून वर्षभरात फडकं टांगल्यासारखं होतं. अर्धा इंची जाळी घ्या, जीआय (जस्त चढवलेली) किंवा एसएस. आणि झडप अशी घ्या की हवेने उघडते आणि पंखा बंद झाला की वजनाने पडते. पश्चिमेला आहे म्हणताय तर वर कोनातली टोपी हवीच.

पुदिना
झडपा चिकटतात त्याला काय करावं?

बंदरावरचा
महिन्याला एकदा. पातं आणि झडप काढून गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्याचा साबण, अर्धा तास भिजवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. पातं ज्या नटने बसतं तो बऱ्याच पंख्यांत उलट्या आट्याचा असतो, जोर लावून तोडू नका. रॉकेल, पेट्रोल प्लास्टिकला लावू नका, तडकतं. मोटरवर पाणी मारायचं नाही, कोरड्या ब्रशने धूळ काढायची. पात्याच्या एकाच पाकळीवर तेल राहिलं तर पंखा थरथरतो आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) एका बाजूने झिजतं.

भिंगरी_२१
बुशला खोबरेल घालावं दोन थेंब.

गवंडीगिरी
खोबरेल थंडीत थिजतं हो. डिसेंबरात सकाळी पंखा फिरणारच नाही.

भिंगरी_२१
पुण्यात एवढी थंडी कुठे असते?

कसबा_पेठी
आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल थिजतं. पंखा तर भिंतीत उघड्यावर असतो.

खटपट्या
शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, तेही बुशवाल्या मोटरला. बॉल बेअरिंग सीलबंद असेल तर काहीच घालू नका.

धाग्याचा गोषवारा विचारण्याआधी खर्च सांगतो: ८ इंची प्लास्टिक १५०० ते १९००, एसीपी ३५०, सिलिकॉन २००, वायर-केसिंग-सॉकेट ३५०, मजुरी ४००. बसतंय ३००० च्या आसपास.

पिंपळपार
३००० घालून वर दर महिन्याला घासायचं. ऑटोक्लीन चिमणीला बटण दाबलं की तेल वाटीत.

सोसायटी_सचिव
ती वाटी पण कोणीतरी घासतंच.

हिंगाची_डबी
सगळ्यांचे आभार, खूपच माहिती मिळाली. गीझरचं तर डोक्यातच नव्हतं, बाल्कनीची एक काच आजच काढून ठेवली, जाळीवाला येतोय.

निर्णय असा: नवीन पंखा घेत नाही. घरात आरसीसीबी नाहीये हे या धाग्यामुळे बघितलं, फ्यूजच्या जागी नुसते एमसीबी आहेत. त्यामुळे ३००० मधले पैसे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला आणि अर्थिंग ओढायला. पंखा माळ्यावरचा ९ इंची लोखंडीच. रिंगचा बाहेरचा व्यास २९० मिमी भरला, व्हेंटिलेटर ३०५.

खटपट्या
सगळ्यांनी एकमुखाने प्लास्टिक सांगितलं होतं.

बंदरावरचा
गंजणार. लिहून ठेवा.

भिंगरी_२१
आवाज किती येईल माहितीये का!

वायरमन_नाशिक
मला पटतंय. पैसे योग्य ठिकाणी चाललेत. पण जुना पंखा तसाच उचलून लावू नका.

शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. खुळखुळत असेल तर बुश गेलं. ते बदलून मिळतं, पण रिवाइंडिंगपर्यंत गोष्ट गेली तर मात्र भंगारच, त्या पैशात नवीन येतो. पातं बोटाने फिरवा, हळूहळू थांबलं पाहिजे, झटक्यात नाही. जुनी वायर काढून टाका, तिचं आवरण कडक झालेलं असतं, वाकवलं की भेगा दिसतील. नवीन तीन कोर वायर, हिरवी वायर बॉडीच्या स्क्रूला, स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने घासून, दातेरी वॉशर घालून. कपॅसिटर असेल तर त्यावर लिहिलेल्याच मायक्रोफॅरडचा नवीन टाका, वाढवून नको. हात लावण्याआधी त्याची दोन टोकं इन्सुलेटेड पेचकसाने जोडा. मग मोटरच्या दुकानात मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टवर वाइंडिंग ते बॉडी निदान २ मेगओहम आलं तर लावा. कमी आलं तर मोटर उन्हात दिवसभर वाळवून परत मोजा. तरीही कमी, तर भंगार.

आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, एमसीबी काढू नका, दोन्ही हवेत. बसवल्यावर टेस्टचं बटण दाबून पाडून बघा.

काचवाला_तात्या
लोखंडी असेल तर माझा एसीपी विसरा. चार किलोचा पंखा ४ मिमीच्या शीटवर ढोलासारखा वाजेल. १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० शिक्क्याचा, कडांना आणि दोन्ही बाजूंना ऑइल पेंट. भोक २५० मिमी पाडा, रिंग प्लायवर आतून बसेल. वर-खाली प्रत्येकी साताठ मिमीच कड उरते, म्हणून वरचे-खालचे स्क्रू कडेच्या अगदी जवळ येतात. रिंगचे कान तिरके येतील असा पंखा फिरवून घ्या, म्हणजे स्क्रू रुंदीच्या बाजूला पडतील. रिंग आणि प्लायमध्ये ३ मिमी रबर, जुन्या सायकल ट्यूबचा तुकडाही चालतो.

हिंगाची_डबी
कान चारच आहेत, ४५ अंशांत फिरवता येतात. मग ऑइलचं भोक अगदी वर येत नाही, चालेल का?

वायरमन_नाशिक
ऑइलचं भोक वरच्या अर्ध्यात कुठेही चालतं, खाली नको. आणि जुन्या मोटरवर हवेच्या दिशेचा बाण असतो तो बघून घ्या. पातं उलट बसवलंत तर हवा बाहेरच जाते पण अर्धीच. फेज-न्यूट्रल अदलाबदल करून दिशा बदलत नाही, ते करत बसू नका.

पुदिना
बाथरूमसाठी ४ इंची पाइपमधला पंखा कसा? खिडकी डक्टमध्ये उघडते.

गवंडीगिरी
डक्टमध्ये सोडणार असाल तर झडप हवीच, नाहीतर खालच्यांचा वास तुमच्याकडे. बाकी नवीन धागा काढा.